एक नंबरची जर्सी

दा अक्ली, म्हणजे अक्लीदादा, आयुष्यात एकदाच गावाच्या फुटबॉल संघातून खेळला होता. त्या सामन्यात त्याने चेंडू स्वतःच्याच गोलात मारला आणि पंचाची शिट्टी वाजायच्या आत खाली मान घालून तो मैदानाबाहेर निघून गेला. त्यानंतर तो मैदानावर आला तो सव्वीस वर्षांनी, हातात बादली घेऊन.

मधली अकरा वर्षं त्याने समुद्रापलीकडे, मार्सेय शहरातल्या एका इस्पितळाच्या लाँड्रीत काढली होती. रक्त, औषधं, आयोडीन, सगळे डाग त्याने पाहिले होते. गावी, ईघीलला परतल्यावर तिथल्या पोरांच्या जर्सी पाहून त्याला राहवेना. डोंगराच्या कुशीतलं मैदान सगळं लाल मातीचं, गवताचं पातं नाही. पोरं आपापली जर्सी घरी न्यायची, आया गरम पाण्यात बुडवायच्या, आणि निळ्या जर्सी दोन महिन्यांत विटकरी व्हायच्या.

"लाल माती वाट बघत नाही," दा अक्लीने संघाला सांगितलं. "ओली आहे तोवर थंड पाण्यात. मग सकाळी साबण. उन्हं वर यायच्या आत दोरीवर."

तेव्हापासून नऊ वर्षं संघाचे कपडे त्याच्याकडे. शुक्रवारी संध्याकाळी सामना संपला की त्याच्या अंगणात तीन मोठे टब भरत. शनिवारी पहाटे तो ऑलिव्हच्या तेलाचा हिरवा साबण घेऊन बसे. त्याची बायको जोहर कमरेवर हात ठेवून उभी राही. "माझ्या चादरी आठ दिवस कोपऱ्यात, नि पोरांच्या चड्ड्या आधी! लग्न माझ्याशी केलंस की संघाशी?"

"तुझ्या चादरींना लाल माती लागू दे, मग बघू."

ओढ्यापलीकडच्या आग्नी गावाचे लोक चिडवायचे, "ईघीलवाले हरतात, पण स्वच्छ हरतात." दा अक्लीला त्यात टोमणा दिसतच नसे. तो कॉफीच्या दुकानात हे वाक्य स्वतःच लोकांना सांगायचा.

त्याच्या राज्यात एकच बंडखोर होता. गोलकीपर अमयास. जर्सी तो मुकाट टबात टाकायचा, पण हातमोज्यांना पाणी लावू देत नसे. पोरगा आठवडाभर ऑलिव्हच्या घाण्यावर कामाला. पेंडीचा आंबट उग्र दर्प त्याच्या हातांत मुरलेला, तो मोज्यांत उतरलेला. वर तीन मोसमांचा घाम. शिवाय प्रत्येक सामन्याआधी तो मोज्यांच्या तळव्यांवर थुंकून ते एकमेकांवर चोळायचा, रबर ओलसर असलं की चेंडू चिकटतो म्हणून.

"अरे, मेलेली घूस बरी," दा अक्ली नाक धरून म्हणायचा. "एकदा दे. फक्त एकदा. कोमट पाण्यात, साबण न लावता."

"दा, यांना पाणी लावलंस तर त्या शुक्रवारी गोलात तू उभा राहा."

"मी उभा राहिलो तर काय होतं ते गावाने एकदा पाहिलंय."

"म्हणूनच सांगतोय," अमयास हसायचा आणि मोजे खुंटीला टांगायचा. ती खुंटी दा अक्लीने मुद्दाम आपल्या अंगणातल्या कपड्यांच्या खोलीच्या बाहेर, वळचणीखाली ठोकली होती. कारण अमयासला घरी ते मोजे न्यायची सोय नव्हती. त्याच्या आईने, जिला सगळं गाव मानाने न्ना म्हणे त्या तसादितने, बजावून ठेवलं होतं, "त्या वासासकट उंबरा ओलांडलास तर जेवण गोठ्यात वाढीन."

मार्चमधल्या एका शुक्रवारी ईघीलने आग्नीला एक-शून्यने हरवलं. शेवटच्या मिनिटाला अमयासने पेनल्टी अडवली, डाव्या बाजूला पूर्ण लांब झोकून. उठला तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत लालेलाल होता. जर्सी काढून दा अक्लीच्या अंगावर फेकत तो म्हणाला, "घे, आज तुझी परीक्षा."

शनिवारी पहाटे दा अक्लीने त्या एका जर्सीवर अर्धा तास घालवला. खांद्यावरचा डाग हटेना. त्याने दात घासायचा जुना ब्रश आणला, साबण चोळला, पाणी बदललं, परत चोळला. शेवटी कापड निळंशार झालं. त्याने ती दोरीवर सगळ्यांत पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी वाळत घातली आणि दोन पावलं मागे सरून पाहिली. तेवढ्यात खालच्या वळणावरून कोणीतरी ओरडत वर आलं. घाण्याची गाडी धुक्यात घळीत गेली होती. गाडीत अमयास एकटाच होता.

दुपारी त्याला पुरलं. डोंगरातल्या दहा गावांची माणसं आली. आग्नीचा अख्खा संघ ओढा उतरून पायी आला. त्यांनी आपली पिवळी जाकिटं उलटी करून घातली होती, आतला राखाडी कपडा बाहेर. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आदल्या दिवशी ज्याची पेनल्टी अडवली गेली होती तो पोरगा तिरडीला खांदा देऊन सगळा चढ चढला, बदली द्यायला तयार होईना. गावच्या पंचांनी चाळीस दिवस मैदान बंद ठेवलं. कॉफीच्या दुकानात डोमिनो खेळणारेही सोंगट्या आवाज न करता टेकवू लागले.

नवव्या दिवशी न्ना तसादित दा अक्लीच्या अंगणात आली. जोहरने बसायला चटई टाकली, कॉफी ठेवली. तिने पेल्याला हात लावला नाही.

"अक्ली, शुक्रवारी त्याने घातली होती ती जर्सी तुझ्याकडे आहे ना?"

"आहे, न्ना."

"ती दे मला. तशीच. घरातलं सगळं मीच धुऊन ठेवलं होतं रे. उशीचा अभ्रासुद्धा त्याच दिवशी सकाळी काढला. कशालाच त्याचा वास नाही. नुसता साबण."

दा अक्लीने कॉफीचा पेला तिच्याकडे सरकवला. जोहर त्याच्याकडे बघत होती. जर्सी आत कपाटात होती, चार घड्या घातलेली, निळीशार.

"शोधून ठेवतो," तो म्हणाला. "दोन दिवसांत आणून देतो."

ती गेल्यावर जोहर एवढंच म्हणाली, "शोधून?"

त्या दिवशी त्याला अन्न गेलं नाही. संध्याकाळी संघाचा कर्णधार बेलैद आला, त्याला त्याने सगळं सांगितलं. बेलैद पायाने माती उकरू लागला.

"दा, एक सुचवू? मी ती घालून उद्या डोंगराला तीन फेऱ्या मारतो. मैदानावर दोनदा लोळतो. आणून दे. घाम तो घामच."

"आणि तिला कळलं तर?"

"कसं कळेल?"

दा अक्लीने लगेच नाही म्हटलं असतं तर पुढे कधी त्याला त्याची लाज वाटली नसती. पण तो उठला, कपाट उघडलं, जर्सी बाहेर काढली आणि बेलैदच्या हातात ठेवली. बेलैदने ती डोक्यातून आत घातली, एक हात बाहीत गेला, आणि तिथेच तो थांबला. आतून त्याचा रडण्याचा आवाज येऊ लागला. दा अक्लीने पुढे होऊन, लहान मुलाचे कपडे उतरवतात तशी ती जर्सी वर ओढून काढली.

"जा घरी, बाळा," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी संघाचा अध्यक्ष सी मोखतार गाडी घेऊन आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि बोलणं नेहमी खिळे ठोकल्यासारखं.

"अक्ली, चाळिसाव्याला आग्नीशी सामना ठेवलाय. त्याच्या आठवणीचा. महापौर येतायत. मी काचेची पेटी करून घेतोय, कप्प्यात दिवा लावून. त्यात त्याचे हातमोजे ठेवायचे. तेवढे चकाचक धुऊन दे. पेटी उघडली तर महापौरांना घेरी यायला नको."

"मोजे?"

"बाहेर लटकतायत ते. तुझ्या डोळ्यांसमोर आहेत की!"

होतेच. वळचणीखालच्या खुंटीवर, दहा दिवस. त्यांच्यावरून रोज जाऊन-येऊन त्याची नजर मेली होती. धुवायची वस्तू तेवढी त्याला दिसायची. जे धुवायचंच नाही, ते असून नसल्यासारखं.

सी मोखतारची गाडी वळणाआड जाईपर्यंत दा अक्ली जागचा हलला नाही. मग त्याने मोजे खुंटीवरून काढले आणि नाकाशी नेले. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं निम्मं तरी खरोखर त्या वासाचं होतं. पेंड, रबर, घाम, थुंकी. तळव्यांवर लाल माती अजून तशीच, सुकून भेगाळलेली.

त्याने एका बगलेत जर्सी घेतली, दुसऱ्या हातात मोजे, आणि गावाच्या वरच्या आळीकडे चालू लागला. मोजे द्यावेत आणि जर्सीचं नावच काढू नये, असं चढावर दोनदा मनात आलं. सोपं होतं ते. पण तिने जर्सी मागितली होती, आणि तो 'आहे' म्हणाला होता.

न्ना तसादित उंबऱ्यावर बसून सुपात डाळ निवडत होती. त्याने जर्सी तिच्यापुढे ठेवली.

"न्ना, ही धुतलीय. मीच. शनिवारी सकाळी. बातमी आली तेव्हा दोरीवर होती. काल मी तुझ्याशी खोटं बोललो."

तिने जर्सी उचलली, तोंडाला लावली, परत मांडीवर ठेवली. खांद्याच्या जागेवरून बोट फिरवलं.

"एक दिवस थांबला असतास, अक्ली," ती म्हणाली. "एकच दिवस."

त्याने मोजे पुढे केले.

तिने ते दोन्ही हातांत घेतले आणि वास घेतला. तिचं तोंड एकदम कडू झालं. "शी! अरे देवा, शी रे!" तिने मान फिरवली, नाकाला ओढणी लावली. "किती वेळा सांगितलं मेल्याला, बाहेर ठेव, बाहेर ठेव..." आणि बोलता बोलताच तिने मोजे छातीशी घट्ट धरले. हसू आणि रडू एकाच वेळी येत होतं, दोन्हींना वाट मिळत नव्हती. दा अक्ली पायरीवर बसला आणि डाळीचं सूप आपल्याकडे ओढून खडे काढू लागला. तेवढंच काम समोर होतं.

मग ती मोजे घेऊन उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली.

पेटीवरून सी मोखतारने बराच आरडाओरडा केला.

"तुम्हाला स्वच्छच हवं होतं ना?" दा अक्ली म्हणाला. "न्नाने जर्सी पाठवलीय. यापेक्षा स्वच्छ काही ईघीलमध्ये नाही." चाळिसाव्या दिवशी काचेआड दिव्याखाली ती निळी जर्सी होती. आग्नीच्या पोरांनी एकेक करून काचेला हात लावला. महापौरांना घेरी आली नाही.

संघ पुन्हा खेळू लागला. शुक्रवारी संध्याकाळी टब आता रिकामेच असतात. जर्सी भिंतीलगत ढिगात पडून राहतात, माती वाळून कडक होते. शनिवारी सकाळी दा अक्ली कॉफीच्या दुकानापाशी रस्त्यावर खुर्ची टाकून बसतो. बेलैद भाकरी घ्यायला जातो. जुळे भाऊ शेळ्या घेऊन उतरतात. नवा गोलकीपर उशिरा उठतो, त्याच्यासाठी कधी दुपार होते. दा अक्ली बोटांवर पोरं मोजत राहतो. अकरावा दिसला की उठतो, घरी जातो आणि पाणी ओढतो.

डाग आता पूर्ण निघत नाहीत. निळ्या जर्सीच्या कोपरांवर, खांद्यांवर विटकरी छटा राहते. परवा आग्नीच्या एका म्हाताऱ्याने कुंपणावरून हाक दिली, "काय अक्ली, आता ईघीलवाले मळकेच हरतात की!"

"हो," दा अक्ली म्हणाला, आणि ढिगातली जर्सी झटकून त्याने तिची घडी घातली. "मळके, पण सगळेच्या सगळे."