भाऊजींच्या मांडीतलं टिटॅनियम

आमचे भाऊजी शालिकराम खरं बोलत नाहीत, हे हिवरखेडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चिखलदऱ्याला अस्वलानं त्यांच्या थर्मासमधला चहा मागून घेतला, तोही बिनसाखरेचा, ही त्यांची रोजच्या वापरातली गोष्ट. सणासुदीच्या वेगळ्या. माझी बहीण माणिकबाई लग्न झाल्यापासून त्या ऐकते आहे आणि ऐकता ऐकता भाजी निवडते आहे. मी तिचा धाकटा भाऊ वामन. भाऊजींची टर उडवायचा मला नात्यानंच हक्क आहे आणि तो मी कधी वाया घालवला नाही.

मागच्या वर्षी भाऊजी संत्री तोडताना शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. अकोल्याच्या डॉक्टरनं हाडाच्या पोकळीत टिटॅनियमचा दांडा घातला. तिथं खाटेवर पडल्या पडल्या भाऊजींनी मोबाइलवर त्या धातूची सगळी कुळकथा पाहून घेतली. घरी आले ते एका काखेत कुबडी आणि तोंडात टिटॅनियम घेऊन.

मग पानठेल्यावर रोजचं पारायण सुरू झालं. इंग्लंडात एका पाद्र्याला ओढ्याच्या काळ्या रेतीत हा धातू सापडला. एका जर्मनानं त्याला पृथ्वीच्या पोटच्या राक्षसांचं नाव दिलं. बारसं झालं, पण पोर काही हाती येईना. तापवलं की हवा पिऊन ठिसूळ व्हायचं. शंभरावर वर्षं गेली, तेव्हा कुठं हवाबंद भांड्यात मॅग्नेशियम घालून तो नीट सोडवता आला. पुढं अमेरिकेनं रशियावर पाळत ठेवायला विमान बांधलं, त्याचं टिटॅनियम गुपचूप रशियाकडूनच आणवलं. आणि स्वीडनच्या एका डॉक्टरनं सशाच्या पायात त्याची नळी बसवली, काम झाल्यावर काढायला गेला तर हाड सोडायलाच तयार नाही. तेव्हा जगाला कळलं की या धातूचं हाडाशी जमतं.

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण निघालं भाऊजींच्या तोंडून. अस्वलाला निदान लोक हसून दाद देत, सशाला तीही मिळाली नाही. एकदा त्यांनी सांगितलं की आपल्या काळ्या मातीतसुद्धा टिटॅनियम आहे. तेव्हा उत्तमरावनं चपलेची माती काढून पुढं धरली आणि यात किती विमानं बसतील ते विचारलं.

हा उत्तमराव मंडप, भोंगे आणि लग्नाची भांडी भाड्यानं देतो. दुसऱ्या दिवशी तो जुन्या भोंग्यातला चुंबक घेऊन आला. चुंबक सायकलला चिकटला, कुलपाला चिकटला, अडकित्त्याला चिकटला. भाऊजींच्या मांडीवर ठेवला तर घसरून खाली. भाऊजी म्हणाले, टिटॅनियमला चुंबक धरतच नसतो. यावर पानठेला जो हसला, त्यात माझाही आवाज होता. एक्स-रे दाखवावा तर माणिकबाईनं तो खिडकीच्या फुटक्या काचेवर लावला होता, आणि नाव आणि मांडी असलेला नेमका अर्धा भाग बकरीनं खाल्ला होता. डॉक्टरनं पाय नुसताच शिवून दिला, असं गावानं ठरवून टाकलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पावसाळ्यात शेजारच्या चतुराबाई भाजीची टोपली घेऊन अंगणात घसरल्या आणि खुब्यात मोडल्या. अकोल्यालाच नेलं. डॉक्टरनं सांगितलं, टिटॅनियमचा दांडा घालू, महिन्या-दोन महिन्यांत चालत्या होतील. नाही घातला तर खाट सुटणार नाही. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. शालिकच्या पायात काही घातलं नाही, साऱ्या गावाला माहीत आहे, मग माझ्याच पायात काय घालणार, म्हणाल्या. त्यांचा मुलगा नितेश थेट भाऊजींकडे आला आणि हात जोडून उभा राहिला.

भाऊजींचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ज्या बाईनं उभा जन्म बाजारात ओरडून भाजी विकली, ती आता भाऊजींच्या शब्दावर उठणार नाहीतर कायमची पडणार होती. आणि त्या शब्दाला गावात काय भाव होता ते मी जाणून होतो.

एसटीत त्यांनी तयारी केली. सांगायचं की चुंबक दुसऱ्यांदा लावला तेव्हा असा चिकटला, की दोन माणसांनी ओढून काढला. चांगल्या कामासाठी खोटं चालतं, असं मीही म्हणालो, आणि दोनाची तीन माणसं करून दिली.

चतुराबाई वॉर्डात मुटकुळं करून पडल्या होत्या. आवाज खोल गेला होता. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

"शालिक, एकडाव खरं सांग," त्या म्हणाल्या. "दांडा हाये का नाई?"

भाऊजींनी तोंड उघडलं. मी त्या तीन माणसांची वाट पाहू लागलो.

"हाये, माय. पण चुंबक नाई चिपकला. अजिबात नाई. साऱ्या गावानं पायलं."

मी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र मान वळवली.

"चिपकलाच नाई?"

"नाई."

त्यांनी नितेशला उशाखालचा बटवा काढायला लावला. बटव्यातून लहानसा चुंबक निघाला. आमच्याकडे जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई आली, की चतुराबाई हाच चुंबक घेऊन बसतात. ज्या डब्याला तो चिकटला, तो डबा परत.

"मंग काहून बोंबलून राह्यले लोकं?" त्या म्हणाल्या. "चुंबक धरते तो हलका माल. न धरे तो असल. मले चुंबकाचं कोनी सांगतलंच नाई."

त्यांनी चुंबक खाटेच्या दांडीला लावला. टक्कन चिकटला. खाट हलकी आहे, असं त्यांनी नर्सला सुनावलं. मग भाऊजींना जवळ बोलावून मांडीवर लावला, दोनदा तपासला, आणि डॉक्टरला सांग म्हणाल्या, शालिकच्या पायातलाच माल पाहिजे, दुसरा चालणार नाही.

परतताना मी भाऊजींना विचारलं, ठरलेलं का नाही बोलले.

"पाय तिचा व्हता, वामन," ते म्हणाले.

दिवाळीनंतर चतुराबाई काठी टेकत बाजारात निघाल्या, त्या आधी पानठेल्यासमोर उत्तमरावच्या गाडीपाशी थांबल्या. गाडीत लग्नाची भांडी होती. एकेकाला चुंबक लावत गेल्या आणि एकेक चिकटत गेलं. उत्तमराव पान चघळायचं विसरला. त्या दिवसापासून टिटॅनियम गावात खरं झालं. सशाची गोष्ट आता उत्तमरावच सांगतो, आणि रशियावर पाळत ठेवणारं विमानही तोच उडवतो.

भाऊजी मात्र गप्प झाले. मला ते बघवेना. एका संध्याकाळी त्यांनीच हळूच विचारलं, "वामन, कायी मातीत टिटॅनियम हाये, हे कोनी मानलं का अजून?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

भाऊजींनी चपला चढवल्या. "मंग चाल," म्हणाले, "पानठेल्यावर जाऊ."