साताऱ्याच्या रजिस्टरातली आत्या

डांबरगोळ्यांचा वास आला की साताऱ्यातल्या चर्चचं जुनं रजिस्टर आठवतं. नव्वदीच्या दशकात मी कॉलेजात असताना एक जर्मन बाई इकडं स्थायिक झालेल्या आपल्या चुलत आजोबांचे वंशज शोधत आली होती, आणि मी तिची दुभाषी होते. दोन दिवस आडनाव सापडेना. तिसऱ्या दिवशी एका लग्नाच्या नोंदीत सापडलं: वधूचे वडील म्हणजे तेच चुलत आजोबा, नावापुढं ‘उर्फ मिस्त्री’, आणि नवरा सांगलीचा. मी ओरडलेच! तडक एसटीनं सांगली गाठली, विचारत विचारत घर शोधलं. नोंदीतली वधू स्वतःच दारात उभी होती, ऐंशीची. सगळं ऐकून ती जर्मन बाईला म्हणाली, “म्हंजी मी तुजी आत्या की गं!” बाईनं वंशावळीचा कागद उलगडला. चुलत आजोबांच्या नावाखाली नुसतं प्रश्नचिन्ह होतं. त्यावर बोट ठेवून म्हातारी म्हणाली, “हितं माजं नाव लिव.” माझ्या स्वतःच्या पणजीचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण त्या दिवशी कागदावर लिहिलेली आत्याच्या अकरा नातवंडांची नावं मात्र तोंडपाठ आहेत.