उसनी उद्गारचिन्हं

मन चिडचिडं झालं की इंग्रजीत ‘आउट ऑफ सॉर्ट्स’ म्हणतात. छापखान्यात एखाद्या अक्षराचे शिशाचे खिळे, म्हणजे ‘सॉर्ट्स’, संपले की ते जुळवणारा जुळारी वैतागायचा, त्यातून हे आलं असं सांगतात. ते वाचलं आणि आमचे दत्तूकाका जुळारी आठवले.

संध्याकाळच्या सभेसाठी माझं पत्रक जुळवताना त्यांचा हात थांबला. “पोरी, उद्गारचिन्हं संपली. जरा कमी ओरडशील?”

“एकही कमी होणार नाही, काका.”

पुटपुटत ते उठले. छापून झालेल्या लग्नपत्रिकेच्या खिळ्यांच्या जुळणीतल्या ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’पासून सुरुवात करून त्यांनी चिमट्याने एकेक उद्गारचिन्ह उपसलं आणि माझ्या मजकुरात बसवलं.

सभेत मी कडाडले. पण पत्रकातला निम्मा संताप कुणाच्या तरी लग्नातून आला होता.