परुळेकरसर जाणार की राहणार?

मुरलीधर परुळेकरसरांशी माझी ओळख भांडणातून झाली. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबावरचा सिनेमा ठाकूरद्वारच्या त्यांच्या चित्रपट मंडळात पाहून मी डोळे पुसत निघाले होते. दारात सरांनी विचारले, "बाई, रडलात त्या कोणासाठी? ते तर मजेत दिसले." मला राग आला. तरी पुढच्या महिन्यापासून मी मंडळाचे काम करू लागले. आता सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि कॅनडातल्या लेकीने त्यांना कायमचे बोलावले आहे. जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. त्यामुळे हा गौरव लिहायचा की निरोप, हे मला कळत नाही.

मंडळाचा नियम सरांचा: सिनेमा ज्यांच्यावर आहे, त्यांनी आधी बोलायचे, जाणकारांनी नंतर. म्हणून कोकणातून आलेल्या गिरणी कामगारावरचा सिनेमा त्यांनी लालबागच्या चाळीत लावला, तोही ऐन गणपतीत. गर्दी आयतीच मिळेल, हा हिशेब. रस्त्यावर दर्शनाची रांग होती, चाळीत मात्र खोल्यांना कुलपे. पाय दुखावल्यामुळे मागे राहिलेल्या एक मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही कोकणातले ना? गणपतीक चाकरमानी मुंबयत गावतलो?"

सरांनी त्यांच्या एकटीसाठी सिनेमा दाखवला. शेवटी नायक गावी परततो आणि आई ढसाढसा रडते. मावशी वैतागल्या, "आवशीक रडूक वेळ खंय? आधी इचारतली, मखराचा सामान हाडलंस?" ही फजिती सर पुढे प्रत्येक भाषणात स्वतःच सांगत.

माझे यजमान आजारी होते तेव्हा सर रोज दवाखान्यात येत. सिनेमाबद्दल चकार शब्द काढत नसत. मला घरी आंघोळीला पाठवत आणि स्वतः उशाशी बसत.

परवा मी विचारले, "ठरलं का?"

"सकाळी जायचं ठरतं. संध्याकाळी गिरगावात भाजी आणायला उतरलो की मोडतं. लेक म्हणते, तिथे ती एकटी पडलीय. तुमचं मत काय, बाई?"

मत नाही असे माझे कधी होत नाही. त्या दिवशी झाले. गाव सोडणाऱ्याची कीव करू नका, असे त्यांनीच आम्हाला शिकवले. मग मला कोणाची कीव येते आहे? त्यांची, लेकीची की आमची?

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ते कोणत्या देशात, हे बाप-लेकीने ठरवावे. मला पुन्हा विचारू नये. विचारलेच तर मी "राहा" म्हणेन, आणि ते त्यांनी ऐकावे की नाही, हे मला खरोखर सांगता येत नाही.