चौघांचं काम करणारा तावडे

"सासू अडकलीय माझी आत! माणूस पाठवता की फायर ब्रिगेड बोलवू?" लालबागच्या टॉवरचे सेक्रेटरी असे ओरडत होते की फोन नसता तरी परळच्या आमच्या ऑफिसात ऐकू आलं असतं.

मी लिफ्ट कंपनीत सर्व्हिस सुपरवायझर. लिफ्ट अडकली की मेकॅनिक धाडायचा. पूर्वी अकरा होते. कोणी दुबईला गेले, कोणी मेट्रोत. उरले तीन. त्यातला तावडे एकोणीस वर्षं चिकटून. लिफ्टचं काम जोडीनं करायचं असतं. एक जण गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, दुसरा लिफ्टच्या टपावर. तावडे दोन्हीकडे एकटाच. जिना इतका झपाझप उतरायचा की सावली मागून धापा टाकत यायची.

सासूबाई वीस मिनिटांत बाहेर. तावडे ऑफिसात येऊन उभा राहिला.

"साहेब, आई सिरियस आहे. कणकवलीला ॲडमिट केलीय. आठ दिवस द्या."

"देतो रे. बदली माणूस मिळू दे, की नीघ."

मोठ्या साहेबांकडे माणूस मागायला गेलो आणि सवयीनं जीभ सुटली. "सर, तावडे एकटा चौघांचं काम ओढतोय!"

साहेब खूश. "ग्रेट! मग माणूस कशाला हवा?"

माणूस आला नाही. तावडेच्या नावाचं सर्टिफिकेट आलं. त्यानं ते घडी करून हत्यारांच्या पिशवीत टाकलं. फोनवर भावाला म्हणाला, "मी येतंय, तिका सांग." आणि पुढच्या कॉलवर गेला. मीच पाठवला. "चार दिवस काढ रे," म्हणालो.

चौथ्या दिवशी तो भोईवाड्यात लिफ्टच्या टपावर होता. तिथे मोबाइलला रेंज नसते. खाली उतरला तेव्हा भावाचे नऊ मिस्ड कॉल होते. त्यानं लिफ्ट चालू करून दिली, रजिस्टरवर सही घेतली, मशीन रूमची किल्ली वॉचमनकडे ठेवली आणि तिथूनच गावाला गेला. आई त्याआधीच गेली होती.

तेराव्यानंतर राजीनामा आला. आठवड्यात दोन माणसं मंजूर झाली. टिकून राहणाऱ्याची बढाई वर मारू नये, रिकाम्या जागा त्याच्याच खांद्यावर भरतात, एवढं मी त्यातून शिकलो.

तरी फोन केला. "तावडे, ये रे परत. आता माणसं आहेत. हवी तेवढी रजा घे."

"आता रजा नको, साहेब."