दिवाळखोराच्या घरात जे उरतं

फायली बंद होतात, किस्से बंद होत नाहीत! आमचं ऑफिस दिवाळखोरांचं. म्हणजे सिंगापूरच्या कोर्टाने एखाद्याला दिवाळखोर ठरवलं की त्याची मालमत्ता गोळा करायची, विकायची आणि ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना वाटायची. सगळी नाही हं! कपडे, अंथरूण-पांघरूण, गरजेपुरतं सामान, पोटापाण्याची हत्यारं कायदा त्याच्याकडेच ठेवतो. कशाला हात लावायचा नाही, ते बघायला मी आणि फैझल घरोघर फिरतो. अडलं की आमच्या बॉस, गोह मॅडम, आहेतच.

*

एकदा फैझलचा फोन आला. "मॅडम, या अंकलनी आ वासलाय. सोन्याचा दात आहे, तोही घेणार का, विचारतायत."

मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "तोंड मिटायला सांग!"

*

सेरंगूनच्या एका फ्लॅटमध्ये हॉलभर पियानो. "ही तर चैन!" फैझल म्हणाला. घरच्या बाई शिकवण्या घ्यायच्या, त्यावरच घर चालायचं. त्यांनी फैझलला स्टुलावर बसवलं, त्याची बोटं धरून पट्ट्यांवर ठेवली. थोड्या वेळाने आमचा गाण्यातला औरंगजेब चक्क एक धून वाजवायला लागला! मी बघतच राहिले.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "चैन की हत्यार?"

"हत्यार. पण पुढचं शिकवा ना!"

*

एका टॅक्सीवाल्या अंकलकडे स्पर्धेत गाणारा पक्षी होता. अशा पक्ष्यांना इथे भलती किंमत येते! आम्ही पिंजरा ऑफिसात आणला. गिऱ्हाइकं आली, ताटकळली, गेली. पक्षी गप्प. शेवटी मीच तो परत पोचवला. अंकलनी पिंजरा कॉरिडॉरमध्ये टांगला, हलकी शीळ घातली, आणि तो असा गायला की शेजारी दारं उघडून उभे राहिले!

सगळं जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. त्या अस्सल सिंगापुरी हेल काढून म्हणाल्या, "अंकल विकाऊ नाहीत ना? मग पक्षी घेऊन कोण काय करणार, लाह!"

*

बुओना व्हिस्टाचे कांबळे सर. मूळचे नागपूरचे, रोबो बनवायचे. कंपनी बुडाली, काँडोतला महागडा फ्लॅट गेला. कपाटभर पुस्तकांपाशी मी म्हटलं, "सर, ही तुमच्या कामाची. ती राहतील."

"आणि डोक्यातली?"

"तीसुद्धा!"

"मग ताई, गेलं काय?" म्हणाले आणि खरंच हसले. मला मात्र हसता येईना.

*

पुंगोलच्या आँटी शिवणकाम करायच्या. साधं मशीन हत्यार म्हणून त्यांच्याकडे राहिलं. भरतकामाचं महागडं मशीन मात्र विक्रीला निघालं. घेतलं कोणी? ज्याचे सगळ्यात जास्त पैसे बुडाले होते, त्या कापडवाल्यानेच! न्यायला स्वतः आला. आँटींनी मशीन पुसून, बांधून दाराशी ठेवलं होतं. त्या त्याच्याकडे बघेनात.

"आता हे माझं ना?" त्याने मला विचारलं.

"हो."

"कुठेही ठेवलं तरी चालेल?"

"तुमचंच आहे."

त्याने दोरी सोडली, मशीन उचलून आत खिडकीपाशी नेलं, वायर लावली.

"आँटी, माझं मशीन इथेच राहणार. रोज चालवा, नाहीतर गंजेल!"