थुंकीनं पुसलेली गोष्ट

माझं सगळं साहित्य चौथीच्या पोरांनी थुंकी लावून पुसलं.

मी सातवी पास. त्या काळी आमच्या हुमनाबाद भागात सातवी पास बाई सापडली की तिला मास्तरीण करत. (दुसरी सापडतच नव्हती!) मराठी शाळा, एक खोली, चार वर्ग आणि मास्तरीण मी एकटी. शिकवायचं मी, घंटा द्यायची मी, उप्पीट करणारी आली नाही तर तेही मीच ढवळायचं. त्यात मला खाज गोष्टी लिहिण्याची!

घरी सोय नव्हती. कंदील जवळ ओढला की सासूबाई ओरडायच्या, "राकेल काय तुझ्या बापानं धाडलंय?" म्हणून मी शाळेतच लिहायचे. फळा लाकडी घोड्यावर उभा असे. पुढच्या अंगाला लहानांची बाराखडी, मागच्या अंगाला चौथीचा धडा. चौथी लिंबाखाली पाढे म्हणायला पाठवली की मागचं अंग माझं! खडूनं लिहायचं, शाळा सुटली की कागदावर उतरवायचं.

त्या दिवशी गोष्ट मस्त लागली होती. एक सासू. सोमवारचा कडक उपास. गावातल्या बाया तिच्या पाया पडतात आणि ही ज्वारीच्या कणगीमागं बसून भाकरी-चटणी हाणते. सून तेवढी बघते. (कल्पनाशक्ती लागली नाही. कणगी आमचीच.)

तेवढ्यात उप्पीट करपल्याचा वास आला. मी धावले.

परत येऊन बघते तर चौथी आत येऊन बसलेली. माना खाली, पाट्यांवर पेन्सिली करकर चाललेल्या. काय शिस्त! फळ्यावर दिसेल ते उतरवायचं आणि घरी वाचून दाखवायचं, हा नियम माझाच. मला माझाच अभिमान वाटला! पोरांना उप्पीट वाढलं, घंटा दिली, पोरं पांगली. मग कागद घेऊन फळ्यामागं गेले. फळा कोरा!

दारात नागम्मा हात पुसत उभी. वर्गातली सगळ्यात हुशार पोर. "बाई, फळा म्या पुसला. समद्यांचं उतरून झालं."

"काय उतरून झालं?"

"सासूचा धडा. लई भारी हाय बाई!"

मी पळत सुटले. अब्रूसाठी नव्हे, खोटं कशाला बोलू? गोष्टीसाठी! एक शब्द कागदावर नव्हता. 'चटणीचा ठसका लागला, पण उपास मोडला नाही' असलं वाक्य पुन्हा सुचतंय होय!

घरी कट्ट्यावर बाया जमलेल्या, मधे सासूबाई आणि शेजारचा शिवराज पाटी धरून खड्या आवाजात वाचायलाय. वार नेमका सोमवार!

"का गं काकी," एक बाई म्हणाली, "असली कणगी तर तुझ्याच घरात हाय की!"

सासूबाई हलल्या नाहीत. "पूस," म्हणाल्या.

"बाईनं उद्यापातूर ठेवाय सांगितलंय."

"पूस म्हन्ते न्हवं! आन् बाकीच्यास्नी बोलीव."

सासूबाईंचा शब्द मोडायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. सगळी चौथी कट्ट्यापुढं उभी राहिली. "थांबा रे! मला उतरून घिऊ द्या!" मी बोंबलले. थू, थू, थू! शर्टाच्या बाह्या फिरल्या आणि पाट्या लख्ख झाल्या. माझ्या शब्दावर पोरांनी इतकी चपळाई कधी दाखवली नव्हती.

दिवेलागणीला सासूबाई मला म्हणाल्या, "त्या गोष्टीतली सून पुढं काय करती गं?"

मला वाटलं, बाई विरघळली! "लिहीत बसती, आत्या. लिहून लिहून मोठी होती."

"व्हय? मग भाकरी कोन थापतंय? माझा उपास सुटायचा हाय."

एवढी गोष्ट रचली, पण हा विचार मी केलाच नव्हता. मी गुमान परात ओढली.

पुढं नोकरी संपली, सासूबाई गेल्या, घरात वीज आली. त्या प्रश्नाशी माझी गोष्ट अजून अडून बसली आहे. भाकरी मात्र अशी थापते, की गावात तोड नाही!